जुन्या कागदांतला ‘हिंदुस्थान’ कसा वाचावा

जुन्या पत्रात ‘हिंदुस्थान’ हा शब्द आढळला, की आजचा नकाशा बाजूला सारून आधी कागदाचा काळ पाहावा. प्राचीन इराणचा सम्राट पहिला दारियस याच्या शिलालेखांतला ‘हिंदुश’ हा सिंधूकाठचा केवळ एक प्रांत आहे. ‘सिंधू’तल्या ‘स’चा इराणी उच्चारात ‘ह’ झाला, एवढेच त्याचे मूळ.

कागद पेशवाईतला असेल, तर शेजारचे शब्द बारकाईने तपासावेत. ‘फौज हिंदुस्थानात गेली’ असे पुण्यात बसून लिहिणारा कारकून स्वतःला हिंदुस्थानाबाहेरचा मानतो काय, असा प्रश्न नवशिक्याला पडतो, आणि उत्तर गमतीचे असले तरी ‘होय’ असेच आहे. कारण अठराव्या शतकातील मराठी कागदांत हा शब्द बहुधा नर्मदेपलीकडील मुलखासाठी येतो आणि अलीकडचा मुलूख ‘दक्षिण’ ठरतो. सोबत दिल्ली, अंतर्वेद (गंगा-यमुनेमधला प्रदेश) किंवा नर्मदा उतरल्याचा उल्लेख असेल, तर हाच अर्थ धरावा.

एकोणिसाव्या शतकाअखेरच्या छापील मजकुरात मात्र बहुधा सारा देश अभिप्रेत असतो. १९४७ नंतर त्यातून पाकिस्तान वगळावे लागते. आजच्या मराठीत रूपांतर करताना मूळ शब्दाच्या जागी ‘भारत’ घालू नये. तो तसाच ठेवून तळटीपेत प्रदेश नोंदवावा.