काळ्याची चाल कोण शोधणार?

बुद्धिबळात अपोझिशन म्हणजे काय, हत्ती विरुद्ध प्यादं हे डाव साधारण कसे जातात, एवढं तुम्हाला येतं असं धरून लिहितेय. ज्यांचं ॲपवरचं पझल रेटिंग उत्तम आहे, पण सॉल्व्हिंग (कोडी सोडवण्याच्या) स्पर्धेत एन्डगेम स्टडीचा, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यावर रचलेल्या कोड्याचा, कागद समोर आला की पाचपैकी एखादाच गुण पडतो, त्यांच्यासाठी हे आहे. मी त्यातून गेलेय आणि पूर्ण बाहेर अजूनही आलेले नाही.

खड्डा कुठे आहे ते आधीच सांगते. ॲपवर तुम्ही पांढऱ्याची चाल खेळता आणि काळ्याचं उत्तर आपोआप पटावर येतं. ते तुम्ही शोधलेलं नसतं. हिरवी खूण मिळते, रेटिंग वाढतं, पण अर्धं कोडं यंत्रानं सोडवलेलं असतं. शेकडो पझल अशी सोडवली की काळ्याच्या बाजूनं बघायची सवयच लागत नाही. स्पर्धेतल्या कागदावर मात्र काळ्याच्या चालीही तुम्हालाच लिहायच्या असतात.

सावेद्रा पोझिशन तुम्ही पाहिली असेल, तरी पट मांडा. पांढरा राजा बी६, प्यादं सी६. काळा राजा ए१, हत्ती डी५. खेळी पांढऱ्याची, आणि पांढऱ्यानं जिंकायचं आहे. पटावर चारच मोहरे.

प्यादं सी७, हत्ती डी६ शह. आता राजा कुठे? बी७ला गेला तर हत्ती डी७ला येतो आणि प्यादं राजासमोर खिळून बसतं. सी५ला गेला तर काळा शह देतच नाही. तो हत्ती गुपचूप डी१ला नेतो. तुम्ही वजीर केलात की सी१वरून शह, राजा हलला की मागचा वजीर गेला. म्हणून राजा बी५. हत्ती डी५ शह, राजा बी४. हत्ती डी४ शह, राजा बी३. हत्ती डी३ शह, राजा सी२. हत्तीवर हल्ला आहे आणि चांगला शह उरलेला नाही. पुढच्या चालीला वजीर होणार, पांढरा जिंकला!

नेमकं इथे नवशिक्याचं पेन खाली ठेवलं जातं. माझंही ठेवलं जायचं.

आता खुर्ची बदला. तुम्ही काळे आहात, हरत आहात, हत्ती जाणार आहे. काय करता येईल? हत्ती डी४! ही चाल शह देत नाही, काही मारत नाही, वरवर बघता वायाच गेलेली वाटते. पण पांढऱ्यानं वजीर केला की हत्ती सी४वर शह. तो हत्ती वजिरानं मारावाच लागतो, आणि मारल्यावर काळ्या राजाकडे बघा. ए२ वजिराच्या कर्णात, बी१ आणि बी२ पांढऱ्या राजाच्या ताब्यात. चाल नाही, शहही नाही. स्टेलमेट, म्हणजे बरोबरी.

हे दिसलं तरच पांढऱ्याची सहावी चाल सुचते: सी८वर वजीर न करता हत्ती करायचा. आता सी४वरचा शह फुकट आहे, कारण तिथला हत्ती ए२ अडवत नाही. आणि ए८वरून शह देऊन मात करायची धमकी आहेच. काळ्याला हत्ती ए४ खेळावंच लागतं. मग राजा बी३. एकाच चालीत ए४च्या हत्तीवर हल्ला आणि सी१वर मात. दोन्ही वाचवता येत नाहीत.

म्हणजे पांढऱ्याची सर्वात सुंदर चाल काळ्याच्या सर्वात चिवट चालीतून जन्माला येते. ‘हत्ती डी४’ न शोधता ‘सी८ हत्ती’ लिहिणाऱ्यानं ही स्टडी सोडवलेली नाही, पाठ केली आहे.

१८७५च्या फेंटन–पॉटर डावातून ही पोझिशन निघाली. १८९५ साली ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बार्बिये यांनी ती ‘काळ्याची बरोबरी’ म्हणून छापली, त्याच वजीर-स्टेलमेटच्या जोरावर. तिथेच राहणारे स्पॅनिश धर्मगुरू फर्नांडो सावेद्रा यांनी हत्ती करून पांढरा जिंकतो हे दाखवलं. ते काही नामांकित खेळाडू नव्हते. हे मला फार धीर देतं, तुम्हालाही देईल. रेटिंग कमी आहे म्हणून स्टडी आपल्या आवाक्याबाहेर, असं अजिबात नाही.

जागतिक सॉल्व्हिंग अजिंक्यपद स्पर्धेत एन्डगेमच्या फेरीला तीन स्टडी आणि १०० मिनिटं असतात, प्रत्येकीला पाच गुण. पट-मोहरे हलवून बघायला परवानगी आहे, तर हलवा. डोळे मिटून सोडवण्यात कसलाही मोठेपणा नाही. आणि जे प्रशिक्षक ‘आज अंडरप्रमोशनचे पझल’ (म्हणजे प्याद्याचा वजिराऐवजी दुसरा मोहरा करण्याचे) असं शीर्षक देऊन कागद वाटतात, ते तुमचं नुकसान करतात. माझं ठाम मत आहे हे. विषय कळला की शोध संपला.

दुसऱ्यांनी रचलेल्या स्टडींचं परीक्षण करायला बसाल तेव्हा हाच खड्डा वेगळ्या रूपात येतो. इंजिन लावलं की चौथ्या चालीला ते राजा बी३बरोबरच राजा सी३ही जिंकणारी दाखवतं. नवखा परीक्षक लगेच म्हणतो, ड्युअल (दुसरं उत्तर) आहे, स्टडी बाद. थांबा. राजा सी३ला गेला तर काळ्याचं उत्तर काय? हत्ती डी१. त्यावर राजा सी२, आणि हत्तीला पुन्हा डी४लाच यावं लागतं. तेवढ्याच चालींत, तीच पोझिशन. मूळ कल्पनेला धक्का लागत नाही, म्हणून हा दोष किरकोळ. दुसरी वाट स्वतंत्रपणे जिंकत असती, तर मात्र स्टडी खरोखरच मोडली असती. हा फरक इंजिनच्या आकड्यात दिसत नाही. सात मोहऱ्यांपर्यंतचे टेबलबेस (सगळ्या पोझिशनची उत्तरं आधीच काढून ठेवलेले डेटाबेस) कुठली चाल जिंकते ते अचूक सांगतात. ती चाल दुसरी वाट आहे की त्याच वाटेचं वळण, हे तुम्हालाच बघावं लागतं.

गुण देताना हात थरथरेल, ते साहजिक आहे. फिडे अल्बमसाठीही (निवडक रचनांच्या संग्रहासाठी) तीन परीक्षक शून्य ते चार असे स्वतंत्र गुण देतात आणि बेरीज आठ झाली तर रचना आत जाते. एकाच माणसाच्या नजरेवर सगळं सोडत नाहीत. तुम्हीही शेरा मारण्याआधी आणखी कुणाला तरी पट दाखवा. फक्त उत्तर सांगू नका.

आता सराव. रचनाकार रिचर्ड रेती यांची १९२१ची स्टडी: पांढरा राजा एच८, प्यादं सी६. काळा राजा ए६, प्यादं एच५. पांढऱ्याची चाल, बरोबरी साधायची आहे. इंजिन बंद ठेवा. कागदावर उभी रेघ मारा आणि प्रत्येक चालीला काळ्याचा रकाना आधी भरा. पांढरा राजा तिसऱ्या चालीला ई५वर पोहोचला की काळ्याकडे दोन उत्तरं आहेत. दोन्ही लिहा, आणि दोन्हींमध्ये पांढरा कसा वाचतो ते शेवटपर्यंत लिहा.