फ्री डिशचं चित्र अडकतंय? छत्रीला हात सगळ्यात शेवटी लावा

पावसाळा लागला की गावाहून आईचा फोन ठरलेला, टीव्ही अडकतोय, आवाज तुटतोय, मधेच चित्राचे ठोकळे होतात आणि मग 'नो सिग्नल'. मी काही सांगायच्या आत शेजारचा कोणीतरी गच्चीवर जाऊन छत्री, म्हणजे दूरदर्शनच्या फ्री डिशची ताटली, फिरवून आलेला असतो. ही जुन्या अँटेनाची सवय आहे, तेव्हा फिरवता फिरवता पडद्यावरच्या मुंग्या कमी व्हायच्या म्हणजे आपण बरोबर चाललोय हे कळायचं. डिजिटलमध्ये नेमकी जागा सापडेपर्यंत काहीच दिसत नाही, त्यामुळे एकदा हलवली की गेला अख्खा दिवस. म्हणून टीव्हीपासून सुरुवात करून बाहेर बाहेर जायचं.

आधी खिडकीबाहेर बघा. धो धो पाऊस असेल तर गप्प बसा. या सिग्नलच्या लाटा जेमतेम अडीच सेंटीमीटरच्या असतात, जाड पावसात त्या शोषल्या जातात, त्याला कोणी काही करू शकत नाही. पाऊस ओसरल्यावर चित्र आपोआप आलं तर बिघाड नाही. पण नुसत्या भुरभुरीत जात असेल किंवा ऊन पडल्यावरही तास तास येत नसेल तर कुठेतरी पाणी शिरलंय नाहीतर छत्री थोडी हललीय.

मग सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत जाऊन सिग्नलचं पान उघडा. दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ आहे पण क्वालिटी शून्य, तर केबल बहुतेक ठीक आहे, छत्रीची दिशा चुकलीय किंवा समोर काहीतरी आड येतंय. दोन्ही गेल्या असतील तर केबल, जोड नाहीतर एलएनबी, म्हणजे छत्रीसमोर दांडीच्या टोकाला असतो तो सिग्नल पकडणारा डबा. चांगलं चित्र असतं त्या दिवशी या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नंतर ताडून बघायला लई उपयोगी पडतो.

आता बॉक्स बंद करा, भिंतीवरच्या बटणावरून, रिमोटने नाही, कारण याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जातात. बॉक्समागची पिन फिरवून काढा आणि नीट उजेडात बघा. मधली तार तांब्यासारखी चकचकीत पाहिजे, काळी-हिरवी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन पिन लावा. आणि केबलमधल्या बाहेरच्या जाळीचा एकही केस त्या मधल्या तारेला टेकायला नको. आमच्याकडे हेच झालं होतं, एक मेकॅनिक दोनदा येऊन छत्री फिरवून पैसे घेऊन गेला आणि दोष निघाला कपाटामागच्या जोडात, जाळीची एक बारीक तार आत वळलेली, डोळ्यांना दिसेना म्हणून मोबाईलचा टॉर्च मारला तेव्हा कळलं.

बाहेरची केबल भिंतीतून आत येते तिथे खाली एक झोल सोडा, पाणी त्या झोलावरून टपकतं, नाहीतर केबल धरून सरळ घरात येतं. गच्चीवर उघडा जोड असेल तर तो काढून अखंड केबल टाकलेली बरी, प्लास्टिकची पिशवी बांधून काही होत नाही, उलट तिच्यातच पाणी साठतं.

एलएनबीचं तोंड बघा. उन्हाने त्याची टोपी तडकते आणि आत पाणी जातं, मग एलएनबी बदलायचाच. कधी कधी कुंभारमाशी तोंडावरच मातीचं घर बांधते, ती माती ओली झाली की सिग्नल गेला. हळूच खरवडून काढा.

झाड आड येतंय का ते ओळखायची एक युक्ती आहे. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. मार्चच्या मध्याला आणि ऑक्टोबर लागता लागता सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर त्याच्या मागे येतो, तेव्हा काही दिवस थोडी थोडी मिनिटं चित्र जातंही, तो काही बिघाड नाही. त्या वेळी छत्रीवर आंब्याची किंवा शेजाऱ्याच्या नव्या पत्र्याच्या शेडची सावली पडत असेल तर अडथळा सापडला! बाकीच्या दिवसांत आग्नेयेकडे बघून अंदाज घ्या, पुण्याच्या आसपास उपग्रह क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर असतो, म्हणजे वाटतो त्याहून बराच वर.

एवढं करूनही क्वालिटी येत नसेल तरच छत्री. नट ढिले करायच्या आधी पाइप आणि छत्री त्याला धरून ठेवणारी पट्टी दोन्हीवर मार्करने एक सलग रेघ मारा, म्हणजे बिनसलं तरी जुन्या जागी येता येईल. दोन फुटी छत्रीची कड अर्धा सेंटीमीटर सरकली की एक अंश झाला, म्हणून फिरवायची नाही, सरकवायची, आणि दर वेळी पाच-सहा सेकंद थांबायचं कारण बॉक्स आकडा उशिरा दाखवतो. खाली टीव्हीसमोर कोणालातरी फोन लावून बसवा आणि "आलं का" विचारू नका, क्वालिटीचा आकडा वाचायला सांगा. आकडा चढून परत उतरायला लागला की थोडं मागे या आणि नट आलटून पालटून कसा, एकच नट आवळला तर छत्री पुन्हा सरकते. विजा चमकत असताना किंवा ओल्या कौलांवर हे करू नका, एक दिवस मालिका नाही बघितली तर चालतं, आईला ते पटत नाही ती गोष्ट वेगळी.