डुकराचा अख्खा खांदा, घरच्या ओटीजीत

गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात जाण्याआधी ओटीजीच्या, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनच्या, ट्रेची लांबी वितीने मोजून घ्या. वर दोन बोटं जागाही राहायला हवी. तीन किलोचा, हाडासकट आणि कातडीसकट खांदा मागा. विकणारा सवयीने लगेच सोरपोतेलचे (डुकराच्या मांसाच्या आंबट-तिखट कालवणाचे) तुकडे करायला घेतो, त्यामुळे 'अख्खा दी रे' हे पैसे देण्याआधीच सांगायचं. चरबी काढू देऊ नका, आपली सगळी चैन तिच्यावरच आहे.

मसाला आमचा रेशादचाच, गोव्याचा तो लाल आंबट-तिखट. पंचवीसेक काश्मिरी मिरच्या, दीड गड्डा लसूण, जिरं, मिरी, आठ लवंगा, दालचिनी, चिंचेचं लहान बोटूक आणि किंचित गूळ, हे सगळं माडाच्या विनागरात, म्हणजे ताडीच्या व्हिनेगरात, वाटायचं. पाणी थेंबभरही नको. बाटलीतलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर वापरणार असाल तर खुशाल वापरा, फक्त मला जेवायला बोलावू नका. मांसाला सुरीने खोल भोकं पाडून मसाला बोटाने आत दाबा. किलोला पंधरा ग्रॅम मीठ पुरतं. कातडीला मात्र मसाला लावायचा नाही. तिच्यावर बारीक चिरा मारून, कोरडी पुसून, मीठ चोळून खांदा रात्रभर फ्रिजमध्ये उघडाच ठेवा. घरातले वासाबद्दल कुरकुरतील, कुरकुरू दे.

सकाळी तासभर आधी बाहेर काढा. ट्रेत जाड कांद्याच्या चकत्या आणि कपभर पाणी, वर खांदा, कातडी वर. फॉइल घट्ट लावून १५० अंशांवर ठेवा. साधारण पाच तास धरा, पण भरवसा घड्याळावर ठेवू नका. मांसाचा थर्मामीटर हाडाला न टेकवता खुपसा. ७० अंशांवर मांस खायला सुरक्षित असतं खरं, पण चिवट लागतं. कारण खांदा हा राबता स्नायू. त्यातल्या शिरा-पडद्यांचं जिलेटिन व्हायला त्याहून जास्त उष्णता आणि भरपूर वेळ लागतो. याच सुमारास थर्मामीटरचा काटा अडून बसतो. पृष्ठभागावरचा ओलावा उडताना मांसाला थंड करत राहतो, म्हणून तापमान चढत नाही. फॉइल घट्ट असेल तर हा मुक्काम आटोपशीर होतो. बटण फिरवून आच वाढवायचा मोह इथेच होतो, तो आवरा. ९२-९३ अंशांवर हाड हातात धरून फिरवून बघा. सैल फिरलं की झालं.

आता फॉइल काढा, कातडी पुसून कोरडी करा आणि २३० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. समोरून हलू नका, फुगायला लागल्यावर ती करपायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात दमट हवेने कातडी ताटात जाईपर्यंत मऊ पडते, तेव्हा पाहुणे आल्यावरच हे काम करा.

अर्धा तास निवू द्या, मग काट्याने ओढा. ट्रेतला रस गाळून वरची चरबी बाटलीत भरा, तिच्यात बटाटे परतायचे. खाली राहिलेला रस मांसावर. सोबत सान्नां (तांदळाच्या वाफवलेल्या, इडलीसारख्या) किंवा पोय (गोव्याचा कोंड्याचा पाव). उरलंच तर दुसऱ्या दिवशी तव्यावर कांद्यासोबत खरपूस करून वर थोडं विनागर शिंपडायचं.