चहादाणी घ्यावी ती ओतून बघून

शोकेसमध्ये मांडून ठेवलेला बोन चायनाचा टी-सेट आपल्याकडे पुष्कळ घरांत असतो. लग्नाच्या आहेरात आलेला, सोनेरी काठाचा, पाहुणे आले तरी काचेबाहेर न निघणारा. चहादाण्या जमवायचं मनात असेल तर बाजारात जाण्याआधी त्या सेटमधली चहादाणी बाहेर काढा, स्वच्छ धुवा आणि चार दिवस तिच्यात चहा करा. कान बोटांना चटका देतो का, तोटीतून शेवटचा थेंब टेबलावर ओघळतो का, ओतताना झाकण कपात पडतं का, हे सगळं ती शिकवते. नंतर दुकानात दुसरी चहादाणी हातात घेतलीत की नक्षीच्या आधी तोटीकडे नजर जाईल.

या बाबतीत माझं मत ठाम आहे. संग्रहातली प्रत्येक चहादाणी वापरात असली पाहिजे. ती चहासाठी घडवलेली वस्तू आहे, आणि घडवणाऱ्याने तोटीच्या टोकाशी, झाकणाच्या बसणीत, भिंतीच्या जाडीत काय कसब ओतलंय ते चहा केल्याशिवाय कळत नाही. या नियमाचा दुसरा फायदा असा की संग्रह आपोआप आटोक्यात राहतो. जितक्या प्रकारचा चहा तुम्ही मनापासून पिता, साधारण तितक्याच चहादाण्या लागतात.

घेण्याआधीची तपासणी

दुकानदाराकडे पाणी मागायला संकोचू नका. जो पाणी भरून बघू देत नाही, त्याच्याकडून महागाची चहादाणी घेऊच नये.

आधी झाकण काढून बाजूला ठेवा, चहादाणी तळहातावर अलगद तोला आणि नखाने टिचकी मारा. माठ घेताना आपण ठोकून बघतो, तसंच. अखंड चिनी मातीचं भांडं खणखणीत वाजतं. कुठे केसाएवढी चीर असली तरी आवाज बद्द येतो. झिलईवर दिसणारी बारीक जाळी मात्र वेगळी गोष्ट. ती वरच्या काचेसारख्या थरातच असते. तिने भांडं गळेलच असं नाही, पण तिच्यातून चहा आत मुरतो आणि डाग कायमचे बसतात.

मग तोटी. चहादाणी सपाट जागेवर ठेवून डोळे तिच्या उंचीला आणा. तोटीचं टोक भांड्याच्या तोंडाच्या पातळीला किंवा किंचित वर हवं. ते खाली असेल तर भांडं भरण्याआधीच तोटीतून पाणी वाहू लागतं. आता टोकावरून बोट फिरवा. कड पातळ आणि धारदार लागली तर उत्तम. कड जाड आणि गोलसर असेल तर ओतणं थांबवताना पाण्याची धार त्या ओठाला चिकटून मागे वळते आणि तोटीच्या पोटाखालून ओघळते. भौतिकशास्त्रात या ओघळण्याला ‘टीपॉट इफेक्ट’ असंच नाव आहे. मार्कस राइनर या शास्त्रज्ञाने १९५६ साली त्यावर लेख लिहिला, आणि त्यानंतरही संशोधक या प्रश्नाकडे परतत राहिले.

आता पाऊण भांडं पाणी भरा आणि ओता. धार सलग, वळणदार पडायला हवी. मध्येच झटकन थांबा आणि तोटीच्या खाली बोट लावून बघा. कोरडं असेल तर अर्धी परीक्षा पास. पुन्हा ओता आणि ओतता ओतताच झाकणावरचं बारीक भोक बोटाने बंद करा. झाकण चपखल बसत असेल तर धार थांबते, बोट काढलं की पुन्हा सुरू होते. ते भोक आत हवा शिरावी म्हणून असतं. ते नसेल किंवा झिलईने बुजलं असेल तर चहा गचके खात पडतो.

भरलेली चहादाणी एका हाताने उचला. बोटांची पेरं गरम पोटाला टेकत असतील तर ती नको. लिटरभर पाण्याचंच वजन किलोभर होतं, त्यात भांड्याचं वजन मिळवा आणि मनगटाचा विचार करा. शेवटी आत डोकवा. तोटीच्या मुळाशी एकच मोठं भोक असेल तर पानं तोटीत अडकतात. बारीक भोकांची जाळी असेल तर पानांचा चहा सुखाने होतो. तोंडातून हात किंवा निदान घासणी आत जाते का, तेही बघा.

कोणती आधी, कोणती नंतर

पहिली चहादाणी पांढऱ्या चिनी मातीची घ्या, चारशे ते पाचशे मिलिलिटरची. तिला आतून झिलई असते, त्यामुळे ती कुठलाच वास धरून ठेवत नाही. आज दार्जिलिंग, उद्या ओलाँग (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला, अर्धवट आंबवलेला चहा), परवा आल्याचा काढा केला तरी चालतो. चहाची चव तोलून बघण्यासाठी ‘आयएसओ ३१०३’ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक १९८० मध्ये ठरलं, त्यातही झिलई दिलेलं पांढरं भांडंच सांगितलं आहे. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा आणि सहा मिनिटं मुरवणं, असं त्याचं माप. ते नमुन्यांची तुलना करण्यासाठी आहे, प्यायला तो चहा फार कडक होतो.

दुसरी इंग्लंडची ब्राउन बेटी. स्टॅफर्डशायरची लाल माती, वर गडद तपकिरी झिलई, गोल गरगरीत पोट. नक्षी काहीच नाही आणि किंमत इतर इंग्रजी चहादाण्यांच्या मानाने बेताची. गोल पोटात पानांना फिरायला, फुलायला जागा मिळते आणि जाड माती ऊब धरते. आसामचा कडक चहा करून वरून दूध घालायचं असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही.

चौथी म्हणून जिच्याबद्दल पुढे सांगणार आहे, त्या चिनी यिशिंग चहादाणीशी या ब्राउन बेटीचं नातं आहे. सतराव्या शतकात चहाबरोबर यिशिंगच्या लाल-तपकिरी चहादाण्या जहाजांतून युरोपात पोचल्या. तिथल्या कुंभारांनी त्यांच्या नकला करायला घेतल्या. एलर्स बंधूंनी १६९० च्या दशकात स्टॅफर्डशायरच्या लाल मातीतून अशा चहादाण्या काढल्या आणि त्याच मातीच्या परंपरेतून पुढे ब्राउन बेटी आली. दोघी शेजारी ठेवल्या की हा प्रवास डोळ्यांना दिसतो. संग्रह करण्यातला मोठा आनंद माझ्या लेखी हाच आहे.

तिसरी जपानची क्यूसू. आइची प्रांतातलं तोकोनामे हे गाव तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. हिची दांडी तोटीच्या समोर नसते, तोटीशी काटकोनात बाजूला निघालेली असते. अंगठा झाकणावर ठेवून मनगट नुसतं वळवलं की चहा ओतला जातो. नेहमीची क्यूसू उजव्या हातासाठी घडवलेली असते, डावखुऱ्यांनी तसं सांगून मागवावी. हिरव्या चहासाठी ही घ्या.

यिशिंग मुद्दाम शेवटी. चीनच्या जिआंगसू प्रांतात यिशिंगजवळ सापडणाऱ्या त्शिशा मातीची ही चहादाणी बिनझिलईची असते. मातीच्या सूक्ष्म छिद्रांत चहा थोडा थोडा मुरत जातो, म्हणून एका चहादाणीत एकाच जातीचा चहा करायचा, ही रीत. शंभर-दीडशे मिलिलिटरची पुरे. या बाजारात नकला अमाप आहेत आणि तळाचा शिक्का काहीच सिद्ध करत नाही, तोही सहज उठवता येतो. कडक गरम पाणी ओतून वास घ्या. ओल्या मातीचा मंद वास चालेल, रंगाचा किंवा रसायनाचा आला तर परत ठेवा. जोवर रोज एकच ओलाँग किंवा पुअर (आंबवून मुरवलेला चिनी चहा) पिण्याची सवय लागलेली नाही, तोवर हिच्यावर पैसे घालू नका.

ओतीव लोखंडाच्या जपानी भांड्यांत मोठा घोटाळा होतो, तेवढा टाळा. तेत्सुबिन ही आतून उघडं लोखंड असलेली किटली पाणी उकळण्यासाठी आहे, तिच्यात चहाची पानं घालत नाहीत. आणि आतून मिना चढवलेली, स्टीलची जाळी घातलेली जी लोखंडी चहादाणी हल्ली सगळीकडे मिळते, ती चहासाठी आहे, ती गॅसवर ठेवायची नाही. दिसायला दोन्ही सारख्या.

शोधायच्या कुठे

आधी नातेवाइकांचे माळे. खरंच सांगतो, चांगल्या जुन्या चहादाण्या तिथेच सुखरूप असतात. मग मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात जुना बाजार. तळाचे शिक्के वाचायला शिकलात तर फसवणूक कमी होते. अमेरिकेच्या मॅकिन्ली जकात कायद्यामुळे १८९१ पासून तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव छापावं लागे, म्हणून तळाशी ‘इंग्लंड’ दिसलं तर ती बहुधा त्यानंतरची. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर साधारणपणे विसाव्या शतकातली. ‘ऑक्युपाइड जपान’ हा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी अंमल होता तेव्हाचा, म्हणजे १९५२ पर्यंतचा.

जुन्या चहादाणीच्या झिलईत आणि रंगांत शिसं असू शकतं. आतून रंगवलेली, टवके उडालेली किंवा झिलई झिजलेली असेल तर ती चहासाठी घेऊ नका. कलई उडालेली पितळी किटलीही तशीच. कलई करून घेतल्याशिवाय वापरायची नाही.

नजर तयार करायला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. टाटा कुटुंबाकडून आलेली चिनी आणि जपानी मातीची भांडी तिथे आहेत. हाँगकाँगला जाणं झालं तर फ्लॅगस्टाफ हाउस चुकवू नका. १९८४ मध्ये उघडलेलं ते संग्रहालय खास चहाच्या भांड्यांचं आहे.

आता चहा

पाणी ताजं घ्या. बोअरच्या जड पाण्यात चहावर तवंग धरतो आणि रंग मळकट येतो. असं पाणी असेल तर फिल्टरचं वापरा. आधण ठेवा. पाण्याला उकळी येत असतानाच थोडं पाणी चहादाणीत घालून ती गोल फिरवून विसळा आणि ते ओतून द्या. थंड चहादाणी उकळत्या पाण्याची उष्णता झटकन खाते, आणि काळ्या चहाला पुरती उष्णता मिळाली नाही तर तो फिका आणि बेचव होतो. महाबळेश्वरला पाणी मुळातच ९५-९६ अंशांना उकळतं, तिथे तर चहादाणी तापवायला विसरूच नका.

पानं चमच्याने मोजू नका, छोटा वजनकाटा घ्या. दार्जिलिंगची लांब, फुललेली पानं चमच्यात मावत नाहीत आणि सीटीसीचे, म्हणजे यंत्रात चुरून केलेल्या नेहमीच्या चहाचे, दाणे चमच्यात ठासून बसतात, त्यामुळे चमचा फसवतो. शंभर मिलिलिटरला दोन ग्रॅमपासून सुरुवात करा. आसामला पूर्ण उकळतं पाणी आणि चार मिनिटं. मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या तोडणीच्या दार्जिलिंगला ९० अंशांच्या आसपास आणि तीन मिनिटं. जपानी हिरव्या सेंचाला ७० ते ८० अंश आणि जेमतेम एक मिनिट. थर्मामीटर नसेल तर उकळतं पाणी एका भांड्यातून दुसऱ्या थंड भांड्यात ओता. दर वेळी ते साधारण आठ-दहा अंशांनी उतरतं. यिशिंगचं गणित निराळं. शंभर मिलिलिटरला पाच-सहा ग्रॅम ओलाँग, पाणी जवळजवळ उकळतं, पहिला घाणा पंधरा-वीस सेकंदांत ओतायचा आणि दर खेपेला वेळ थोडी वाढवायची. चांगलं ओलाँग पाच-सहा वेळा चव देतं आणि दर कपाची चव वेगळी लागते.

वेळ झाली की सगळा चहा ओतून घ्या, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. आत राहिलेल्या चहात पानं भिजत राहिली की दुसरा कप कडवट आणि तुरट होतो. टिकोजी, म्हणजे ऊब राखायला चहादाणीवर घालायची टोपी, घालायची ती पानं काढल्यावरच. एकट्यासाठी करत असाल तर छोटी चहादाणी घ्या, मोठी अर्धी भरून चहा करण्यात मजा नाही.

आणि घाई करू नका. पहिल्या तोडणीचं दार्जिलिंग ओतून झालं की झाकण उलटं करून नाकाजवळ न्या. कपातल्या चहापेक्षा त्या झाकणाच्या आतल्या बाजूला वास जास्त असतो, ओल्या गवताचा, फुलांचा, कधी पिकत आलेल्या पेरूच्या जवळ जाणारा. मग आतली पानं बघा. कोरडी असताना काळपट, मुरडलेली होती; आता हिरवी-तांबूस, पूर्ण उलगडलेली, कळी आणि दोन पानं एकाच देठाला. हा चहा दूध-साखरेशिवाय प्या. आपला उकळलेला, आल्याचा, दुधाचा चहा वेगळा आणि त्याला पातेलंच हवं. सीटीसीची पूड वाया घालवायला चहादाणी वापरू नका.

निगा

झिलईच्या चहादाणीतले डाग खायच्या सोड्याने निघतात. बिनझिलईच्या चहादाणीला साबण लावायचा नाही, गरम पाण्याने विसळून झाकण काढून ठेवायची. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे फार सांभाळा, कारण ओली यिशिंग झाकण लावून ठेवली तर दोन-तीन दिवसांत आत बुरशी धरते. धरलीच तर पातेल्यात तळाला फडकं घालून चहादाणी मंद आचेवर उकळा आणि उन्हात नाही, वाऱ्यावर वाळवा.

सगळ्यात आधी फुटतं ते झाकण. ओतताना अंगठ्याने दाबून धरा, किंवा झाकणाच्या बोंडाला आणि कानाला मिळून सुती दोरी बांधा. फुटलं तरी चहादाणी टाकू नका. त्याच मापाचं सुटं झाकण जुन्या बाजारात मिळून जातं, म्हणून तोंडाचा व्यास मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. अंगाला तडा गेलेली चहादाणी गोंदाने जोडली तर दिसायला बरी दिसते, पण तिच्यात गरम चहा करायचा नाही. गोंद उष्णतेने सैल होतो आणि भरलेली चहादाणी हातात असताना कान निसटला तर चांगलंच भाजतं.