मुलाकडे कायमचे येताय? आधी तिकडचं सिम सांभाळा

मी २०१२ साली साताऱ्याहून न्यू जर्सीत एडिसनला लेकाकडे आले, ग्रीन कार्डावर. त्याआधी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. इथे दर उन्हाळ्यात कुणाचे तरी आईवडील कायमचे राहायला येतात. ओक ट्री रोडवर भाजी घेताना ओळख होते आणि बोलणं फिरून तिथेच येतं: ओटीपी येत नाही, पेन्शन अडकली, बँक दाद देत नाही. ज्यांची पेन्शन, ठेवी किंवा एखादा फ्लॅट तिकडे आहे आणि मुक्काम मात्र आता इकडे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट भारतातला मोबाइल नंबर. पहिली चार वर्षं माझा भाचा न चुकता रिचार्ज करायचा. मग मीच म्हटलं, राहू दे, आता इकडचा नंबर आहे की. वर्षभराने सहज म्हणून तो जुना नंबर लावून पाहिला, तर एका तरुण मुलाने फोन उचलला. कंपनीने नंबर बंद करून त्याला देऊन टाकला होता. माझी पेन्शन जमा झाल्याचे मेसेज महिनोन् महिने त्या अनोळखी मुलाकडे जात होते. मुलगा भला होता, "आजी, मी सगळे डिलीट करतो," म्हणाला. पण नेट बँकिंग बंद पडलं ते पडलंच. नंबर बदलायला बँकेला मी शाखेत समोर हवी होते, आणि आधारचा नंबर बदलायलाही तेव्हा केंद्रावर जाऊन बोटं टेकवावी लागत. ऐन जानेवारीत तिकीट काढून साताऱ्याला गेले. १९ दिवस आणि १४०० डॉलर एका सिमपायी गेले.

म्हणून निघण्याआधी भारतातच आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या आणि वर्षभराचा रिचार्ज मारा. मुलं प्रेमाने नवा आयफोन हातात ठेवतात, पण २०२२ साली आलेल्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमची खाचच नसते. तिकडचं सिम ई-सिम, म्हणजे फोनमध्येच भरलेलं सिम, करून घ्या, नाहीतर जुना फोन जपून ठेवा आणि रोज चार्ज करा. बँकेत ईमेलही नोंदवा. तो तुमचा स्वतःचा असू द्या, सुनेचा किंवा जावयाचा नको. आपल्या खात्याची किल्ली आपल्याच हातात हवी, हे मी हट्टाने सांगते. वेळेचंही ध्यानात ठेवा: सकाळी दहाला तिकडची शाखा उघडते तेव्हा इथे उन्हाळ्यात रात्रीचे साडेबारा आणि हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. ज्या दिवशी बँकेचं काम असेल त्या दुपारी झोप काढून घ्या.

हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात. आधार जोडलेलं असेल तर 'जीवन प्रमाण' फोनवर चेहरा दाखवून होतं. नाही जमलं तर न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीतून सही-शिक्का घेऊन पाठवता येतं. दिवाळीचा फराळ करायला घेतलात की त्याच आठवड्यात हेही उरका. दाखला गेला नाही की पेन्शन थांबते.

आता बँक. परदेशात कायमचं राहायला लागल्यावर साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करावं लागतं. मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी हमखास सांगतं, "काही होत नाही हो, आमचं दहा वर्षं तसंच आहे." अशांचं ऐकू नका. त्यांचं निभावलं म्हणून कायदा बदलत नाही. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के कर आणि वर सेस कापला जातो, आणि ज्येष्ठ नागरिक म्हणून १५एचसारखा फॉर्म भरून तो वाचवायची सवय इथे सोडावी लागते. तो फॉर्म भारतात राहणाऱ्यांसाठीच आहे. अमेरिकेतला रहिवासाचा दाखला, म्हणजे फॉर्म ६१६६, आणि सोबतची कागदपत्रं बँकेला दिलीत तर भारत-अमेरिका कर करारानुसार व्याजावरचा कर १५ टक्क्यांवर येतो. खातं भावाबहिणीबरोबर जोडीने ठेवायचं तर 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असं लिहून घ्या, म्हणजे तुम्ही असेपर्यंत खातं तुम्हीच चालवाल, तुमच्या मागे ते.

याहून मोठी बाब अमेरिकेकडची आहे, आणि ती कुणीच सांगत नाही. ग्रीन कार्ड आलं की जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. शिवाय भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा सरकारी फॉर्म, भरायचा. ही रक्कम साधारण नऊ लाख रुपयांच्या आसपास होते. बचत, मुदत ठेव, मुलीबरोबरचं जोडखातं, सगळं धरून. निवृत्तीचे पैसे ठेवीत टाकलेला जवळपास प्रत्येक जण यात येतो. मुदत १५ एप्रिल, आपोआप वाढून १५ ऑक्टोबर. तो ऑनलाइन भरता येतो, फी नाही, आणि त्यावर करही बसत नाही. न भरल्याचा दंड मात्र कंबर मोडणारा असतो. आमच्याच गल्लीतल्या एका आजोबांना सहा वर्षांनी कळलं. ते रात्ररात्र झोपले नव्हते, आणि वकिलाकडे कागद नेताना त्यांचे हात थरथरत होते. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. म्युच्युअल फंड असतील तर येण्याआधीच हिशोबनीसाशी बोला. इथे त्यांचा कर फार किचकट आहे.

मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, पाच वर्षं सलग राहिल्यावरच विकत घेता येतो, तोवर वेगळा विमा. भारतात सलग सहा महिन्यांहून जास्त राहू नका. वर्षापेक्षा जास्त राहायचं असेल तर निघण्याआधी री-एन्ट्री परमिटचा, म्हणजे परत येण्याच्या परवान्याचा, अर्ज करा. पत्ता बदलला तर दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवा. तारीख इथे महिना आधी, मग दिवस. टपालाने आलेलं प्रत्येक पाकीट उघडा. या देशात कुणी दारात येऊन आठवण करत नाही, सगळं पत्राने येतं. पण फोनवर धमकावून गिफ्ट कार्ड मागणारा कधीच सरकारी माणूस नसतो.

फ्लॅट विकायचा असेल तर मुखत्यारपत्र लागेल. नोटरी आणि राज्याचं अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा शिक्का, इथे होतं. पुढे ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात दाखवून मुद्रांक शुल्क भरायचं. हे राहिलं की ऐन खरेदीखताच्या दिवशी व्यवहार अडतो.

शेवटी नावं. माझं माहेरचं नाव कुसुम. लग्नात तांदळात नाव लिहिलं तेव्हा सुनंदा झाले. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, पासपोर्टवर सुनंदा, मधे कुठे वडिलांचं नाव, कुठे यांचं, कुठे नुसतं आद्याक्षर. इथल्या कारकुनाला या तीन बायका वाटतात, आणि त्यात त्याची चूक नाही. आपल्या पिढीत कित्येकांची जन्मतारीखही शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून आहे, जन्मदाखला नाहीच. नाव बदलल्याचं राजपत्र, लग्नाचा दाखला, जन्मनोंद नसल्याचं ग्रामपंचायतीचं किंवा नगरपालिकेचं पत्र आणि वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं तिकडे असतानाच काढा. साक्ष द्यायला मामा-काका अजून आहेत तोवर हे होतं. माझ्या जन्माबद्दल सही करणारी आत्या मी आल्यावर दोन वर्षांनी गेली. हे सगळे कागद एका प्लास्टिकच्या फाइलीत घालून विमानात हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका.