टुरिझम मॅनेजमेंट शिकायचंय? आधी घरच्या नारळाची किंमत काढा

बारावीचा निकाल लागला की माझा फोन सुरू होतो. कोणाची तरी आई, कोणाची तरी मावशी, "आमच्या पोराला टुरिझम करायचंय म्हणतोय, तू केलंयस ना गं, जरा सांग त्याला." मी मालवणजवळची, घरी दोन खोल्यांचा होमस्टे आहे, आणि हो, टुरिझम मॅनेजमेंट केलंय. तेच तेच बोलून घसा बसला म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

आधी एक गोंधळ मिटवू. टुरिझम मॅनेजमेंट म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट नाही. तिकडे किचन, हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस. इकडे माणूस घराला कुलूप लावून निघाला तिथपासून परत येऊन कुलूप उघडेपर्यंतचं सगळं, तिकीट, गाडी, गाईड, मुक्काम, त्याचा हिशोब, आणि तो ज्या गावात येऊन गेला त्या गावाचं पुढे काय झालं तेपण. हात स्वयंपाकात रमत असेल तर सरळ हॉटेल मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा, एनसीएचएम जेईई, बघा, टुरिझमला येऊन तीन वर्षं कुढू नका.

कॉलेजचं बघायचं तर केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची संस्था आहे आयआयटीटीएम, 1983 ची, मुख्य कॅम्पस ग्वाल्हेरला. तिथल्या बीबीएला सीयूईटी, म्हणजे देशभरची प्रवेश परीक्षा, द्यावी लागते. आपल्याला ग्वाल्हेर लांब पडतं पण याच संस्थेचं वॉटर स्पोर्ट्सचं इन्स्टिट्यूट गोव्यात आहे, सिंधुदुर्गातल्या पोरांनी ते नक्की बघावं. मुंबईत कलिनाला युनिव्हर्सिटीचं गरवारे इन्स्टिट्यूट आहे. घरचा धंदा सोडून जाता येत नसेल तर इग्नूचा टुरिझम स्टडीजचा अभ्यासक्रम घरी बसून होतो. आणि हे लक्षात ठेवा, एआयसीटीई या केंद्राच्या परिषदेची मान्यता असलेल्या बीबीए-बीएमएसला 2024 पासून राज्याची सीईटी लागते, तिचे फॉर्म निकालाची वाट बघत थांबत नाहीत, दरवर्षी कोणीतरी "निकाल लागल्यावर बघू" म्हणतं आणि बसतं.

अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी कॉलेजात जाऊन दोनच गोष्टी विचारा. इंटर्नशिप किती आठवड्यांची आणि मागच्या बॅचची पोरं नेमकी कुठे गेली होती, हे एक. आणि तिकीट बुकिंगची सिस्टिम, म्हणजे अमेडियस किंवा गॅलिलिओ, हाताने चालवायला मिळते का. "लॅब आहे" एवढ्यावर भुलू नका. एका कॉलेजात मी लॅब बघायला मागितली तर खोलीला कुलूप, चावी शिपायाकडे आणि शिपाई जेवायला गेलेले. अर्धा तास थांबून मी घरी आले.

पहिल्या वर्षाची थिअरी पाठ करायला गेलात तर डोक्यावरून जाते, गावात बसवून वाचली तर सोपी आहे. बटलर नावाच्या अभ्यासकाचं 1980 चं मॉडेल घ्या, एखादं ठिकाण आधी चार भटक्यांना सापडतं, मग गावकरी खोल्या काढतात, मग बाहेरचे पैसे येतात, मग गर्दी इतकी होते की वाढ थांबते, आणि त्यानंतर एकतर घसरण नाहीतर नवा जन्म. आता तारकर्ली, देवबाग, भोगवे आणि तुमच्या शेजारचा कोणाला माहीत नसलेला किनारा या चौघांना त्या टप्प्यांच्या वक्रावर बसवा. परीक्षेत हे लिहिलं की तपासणाऱ्याची झोप उडते. डॉक्सी नावाच्या माणसाने 1975 मध्ये गावकऱ्यांच्या पर्यटकांवरच्या रागाच्या चार पायऱ्या मांडल्या, आधी आनंद, मग बेफिकिरी, मग वैताग, शेवटी उघड वैर. आमच्या वाडीत या चारही पायऱ्यांवरची माणसं एकाच गल्लीत राहतात, आणि लाऊडस्पीकर लावलेली गाडी आली की सगळी एकदम चौथीवर.

एअरपोर्टचे कोड मात्र पाठच करायचे, तिथे इलाज नाही. आपलं सिंधुदुर्गातलं चिपी म्हणजे एसडीडब्ल्यू, गोव्यातलं दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स. प्रॅक्टिकलला मी सावंतवाडीच्या पाहुण्याला जवळच्या मोपाऐवजी लांबच्या दाबोळीला उतरवला होता, मार्क गेले ते गेलेच.

आता कॉस्टिंग, म्हणजे खर्च काढून भाव ठरवणं. हा विषय पोरं ऑप्शनला टाकतात आणि पुढे यातच बुडतात. दोन दिवसांची टूर धरा, आकडे समजण्यापुरते आहेत. टेम्पो ट्रॅव्हलर 14,000, गाईड 2,000, म्हणजे 16,000 रुपये, माणसं कितीही येवोत हे द्यायचेच. मग माणशी जेवण-मुक्काम 1,500 आणि होडी, तिकिटं वगैरे 300, म्हणजे 1,800. सोळा जण आले तर माणशी खर्च 2,800 पडतो, तुम्ही 3,200 लावले आणि खूश झालात. आदल्या दिवशी सहा जण गळले. आता जमा 32,000, खर्च 34,000, दोन हजार तुमच्या खिशातून. टूर निदान खड्ड्यात जायला नको तर किती माणसं हवीत? 3,200 मधून 1,800 गेले की एका माणसामागे 1,400 सुटतात, 16,000 ला 1,400 ने भागा, साडेअकराच्या जवळ येतं, म्हणजे बारा. हा बाराचा आकडा जाहिरात टाकायच्या आधी काढायचा असतो.

हेच मी घरी करायला गेले. एका रात्री वही घेऊन आईजवळ बसले, सुरमई थाळी केवढ्याला पडते ते काढू म्हटलं. सुरमई लिहिली, तांदूळ लिहिला, तेल, मसाला, गॅस. नारळ लिहायला गेले तर आई हसली, "नारळ घरचो, तेचे कसले पैशे?" म्हटलं आई, तोच नारळ उद्या बाजारात नेलास तर पैसे मिळतात ना, मग थाळीत घातलास तर ते गेलेच ना. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "गो चेडवा, कॉलेजात ह्यां पण शिकवतत?" कोकम पण घरचं, आणि पहाटे पाचला उठून ती राबते त्याचे शून्य. सगळं धरल्यावर कळलं की थाळीवर सुटतात असं वाटणारे पैसे बरेचसे आमच्याच माडावरून आणि आईच्या कमरेतून येत होते.

आयटिनररीबद्दल, म्हणजे कुठे कधी जायचं त्या वेळापत्रकाबद्दल, एवढंच, नकाशावर बनवू नका. माझी पहिली आयटिनररी मे महिन्यातली, कुडाळला गाडीतून उतरायचं, सकाळी सिंधुदुर्ग किल्ला, दुपारी विजयदुर्ग, सूर्यास्त कुणकेश्वरला. कागदावर काय सुंदर दिसत होती. मालवणच्या जेटीवर होडीच्या लाइनीतच दोन तास गेले, किल्ल्यात ऊन असं की दोन काकू शिवराजेश्वराच्या देवळात बसल्या त्या उठेनात, आणि विजयदुर्गला पोचलो तेव्हा बॅटरी लावून तटबंदी बघितली. कुणकेश्वर राहिलंच. आणि पावसाळा विसरू नका, मेच्या शेवटापासून ऑगस्ट संपेपर्यंत वॉटर स्पोर्ट्स बंद, किल्ल्याच्या होड्या बंद, तेव्हा वर्षाचा हिशोब बाराने नाही, आठ-नऊ महिन्यांनी भागायचा.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. "भारतीय अर्थव्यवस्थेत पर्यटनाचे महत्त्व" असलं काही घेऊ नका, सर पण वाचत नाहीत. छोटं आणि पायी जाता येईल असं घ्या. वेळासला कासव बघायला लोक येतात आणि गावकऱ्यांच्या घरात राहतात, त्या पैशातलं गावात किती राहतं? कशेळी, उक्षी, बारसूची कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, पण सड्यावर, म्हणजे त्या उघड्या कातळावर, पाटी आहे का, पाणी आहे का, गाडी कुठे लावायची? जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा झाले, त्यात कोकणातले रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत, यातला एकच धरा. मी जेटीवर बसून येणाऱ्यांना एकच प्रश्न विचारायचे, "रात्री मुक्काम कुठे?" पुस्तकात जो रात्र काढतो तो टुरिस्ट आणि जो संध्याकाळी परत जातो तो एक्सकर्जनिस्ट, तो फरक मला तिथे कळला, कारण वेफर्सची पाकिटं दोघंही टाकून जातात पण खोलीभाडं एकच देतो.

सरकारी धोरणं पण मराठीतून वाचून ठेवा, 2020 चं कृषी पर्यटन धोरण आणि पर्यटन संचालनालयाची निवास-न्याहारी योजना. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा झाला हे तोंडी परीक्षेत सगळे ठोकतात, पण होमस्टेची नोंदणी कशी करायची विचारलं की वर्ग शांत.

इंटर्नशिप जमली तर सीझनमध्येच घ्या, दिवाळी किंवा मे, रिकाम्या ऑफिसात फाइली लावून काही कळत नाही. आणि हिशोबाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. आमच्या घरची अजून चालू आहे, आई आता नारळाचे पैसे स्वतः लिहिते, बाजारभाव विचारून. स्वतःच्या मजुरीचा रकाना मात्र अजून कोराच ठेवते.