मे महिन्यात उघड्यावर ‘संशयकल्लोळ’ करताना

मराठवाड्यात मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळत असला, तरी पटांगणातली माती त्यानंतरही बराच वेळ धग सोडत राहते. म्हणून उन्हे कलताच सडा मारून घ्यावा आणि गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’चा पडदा साडेआठच्या आधी उघडू नये. रंगमंचाची पाठ शक्यतो पश्चिमेला असावी, कारण या दिवसांत वारा बहुधा तिकडून येतो आणि नटाचा आवाज प्रेक्षकांकडे वाहून नेतो. जनरेटर मात्र प्रेक्षकांच्या मागे, पूर्वेला ठेवावा.

खरी काळजी तसबिरीची घ्यावी. अश्विनशेठची तसबीर आपली बायको कृत्तिका हिच्या हाती पाहून फाल्गुनरावाचा संशय भडकतो, त्यामुळे ती शेवटच्या सतरंजीवरूनही दिसायला हवी. ती किमान वीतभर असावी आणि तिची काच काढून टाकावी. नाहीतर दिव्याची तिरीप काचेवर चमकते आणि तसबीर कोऱ्या आरशासारखी दिसते. (हे आम्ही एकदा भोगले आहे.)

पदे निवडकच ठेवावीत. रसिकांना हे रुचणार नाही, पण उकाड्यात लांबलेल्या आलापीने विनोदाची गती मरते. वळिवाचा नेम नसल्याने पेटी-तबल्यासाठी ताडपत्री विंगेतच तयार ठेवावी.